प्रोसेसर नवा, दुखणं रॅमचं : कार्यालयातल्या जुन्या कॉम्प्युटरची गोष्ट



मार्चअखेरच्या बैठकीत जवळा बाजारकडच्या एका गावातली ताई उठून उभी राहिली आणि म्हणाली, "मॅडम, तुमच्या कागदावर माझं कर्ज बारा हजार दोनशे छप्पन्न लिहिलंय. माझ्या वहीत बारा हजार हाये." मी कागदाकडं पाहिलं आणि पटकन बोलून गेले, "वहीत लिहिताना चुकलं असेल ताई, कॉम्प्युटरचं बरोबर असतं." ती खाली बसली. शेळ्यांसाठी घेतलेलं कर्ज, एकही हप्ता न चुकवलेली बाई, आणि चारचौघींत मी तिच्याच वहीवर संशय घेतला. तो माझा शब्द मला अजून टोचतो.

चूक वहीत नव्हती. आपल्या कार्यालयातला कॉम्प्युटर त्या महिन्यात आजारी होता, आणि तो आजारी पडला होता आम्ही त्याला 'सुधारल्यामुळं'. ते कसं झालं, कसं सापडलं, आणि तुमच्या ग्रामसंघात, शाळेत किंवा घरी पोरांच्या कॉम्प्युटरला असं झालं तर काय करायचं, ते या लेखात लिहिते. मी कॉम्प्युटर इंजिनिअर नाही, समाजकार्य शिकलेली आहे. पण या दुखण्यापायी पंधरा दिवस रोज त्या डब्यापुढं बसले, म्हणून लिहायचा थोडा हक्क मिळाला असं समजते.

आम्ही काय केलं होतं

आपल्या कार्यालयातला कॉम्प्युटर जुना, दान मिळालेला. त्यात इंटेलचा पेंटियम जी ६२० हा प्रोसेसर होता. तो २०११ मध्ये बाजारात आला. लेखापाल ताई एक्सेलची मोठी फाईल उघडायच्या आणि चहा ठेवायला उठायच्या. चहा होईपर्यंत फाईल उघडायची. हिंगोलीच्या एका दुकानदारानं सांगितलं, "नवा घेऊ नका, याच बोर्डवर आय-५ बसतो, सेकंडहँड स्वस्तात मिळतो." त्यात खोटं काही नव्हतं. आय-५ ३४७० हा २०१२ सालचा प्रोसेसर त्याच सॉकेटमध्ये बसतो. जुन्याला दोन कोअर, याला चार. आम्ही बसवून घेतला. दोन दिवस कॉम्प्युटर पळाला. तिसऱ्या दिवसापासून रडू लागला.

कधी निळा पडदा यायचा आणि त्यावर 'मेमरी मॅनेजमेंट' असं काहीतरी लिहिलेलं असायचं. कधी एक्सेल आपोआप बंद. कधी सुरू करताना पडदा काळाच, आतून नुसतं टूं टूं. कधी मात्र दिवसभर शहाण्या मुलासारखा चालायचा. सगळ्यात घातक हे शेवटचं, कारण "आता बरा झाला" असं वाटून आम्ही त्यावर हिशोब भरत राहिलो.

रॅम म्हणजे काय, आणि प्रोसेसरचा तिच्याशी काय संबंध

स्वयंपाकघर डोळ्यांपुढं आणा. डाळ-तांदळाचे डबे फडताळात असतात. ते म्हणजे हार्ड डिस्क. लाईट गेली तरी तिथलं सामान जागेवर राहतं. स्वयंपाकाला लागेल तेवढं आपण काढून ओट्यावर मांडतो. तो ओटा म्हणजे रॅम. लाईट गेली की ओटा साफ. आणि स्वयंपाक करणारी बाई म्हणजे प्रोसेसर. तुम्ही एक्सेलमध्ये जो आकडा टाकता तो आधी ओट्यावर येतो, 'सेव्ह' केलं की मग फडताळात जातो. म्हणजे ओट्यावरच मिठाच्या जागी साखर पडली, तर फडताळात साखरच जाणार. आणि डब्यावर नाव मिठाचं.

इथं दोन गोष्टींत गल्लत होते, ती आधी सोडवून टाकू. 'मेमरी कमी आहे' असा निरोप येणं वेगळं आणि 'मेमरी चुकते आहे' हे वेगळं. कणगी लहान असली तर धान्य मावत नाही, एवढंच. त्यात धान्याचं नुकसान नाही. पण कणगीला उंदरानं भोक पाडलं असेल तर कणगी कितीही मोठी असो, धान्य जातंच. पहिल्यासाठी रॅम वाढवायची. दुसऱ्यासाठी भोक शोधायचं. बऱ्याच वेळा लोक भोक असलेल्या कणगीशेजारी आणखी एक कणगी आणून ठेवतात.

अजून एक छोटी गोष्ट. विंडोज ३२ बिटचं असेल तर ८ जीबी रॅम लावली तरी साधारण ३ ते साडेतीन जीबीच वापरायला मिळते. हा बिघाड नाही, त्या विंडोजची हद्दच ४ जीबीची आहे. आपलं विंडोज ६४ बिटचं होतं, त्यामुळं हा प्रश्न नव्हता.

आता मुख्य मुद्दा. रॅम आम्ही बदललीच नव्हती, बदलला प्रोसेसर. मग रॅम का चुकायला लागली? मलाही हे कोडं होतं. उत्तर असं: खूप जुन्या इंटेल कॉम्प्युटरमध्ये रॅमशी देवाणघेवाण करणारी चिप मदरबोर्डवर वेगळी असायची. २००८ नंतर ती हळूहळू प्रोसेसरच्या पोटातच गेली. म्हणजे प्रोसेसर बदलला की ओट्यावरून सामान उचलणारा हातच बदलतो. नुसती बाई बदलत नाही, तिची सवय आणि वेगही बदलतो.

आपला जुना जी ६२० रॅमला १०६६ च्या वेगानंच चालवायचा. त्याला त्यापुढं जायची परवानगीच नाही. नवा आय-५ ३४७० १३३३ आणि १६०० च्या वेगानं चालवतो. आपल्या कॉम्प्युटरमध्ये ४ जीबीच्या दोन पट्ट्या होत्या. एकीवर १३३३ लिहिलेलं, दुसरीवर १६००. दोन वेगवेगळ्या पट्ट्या असल्या की बोर्ड दोघींना सावकाश चालणारीच्या वेगानं चालवतो, म्हणजे दोघीही १३३३ वर आल्या. १६०० वालीला त्यात काही विशेष नव्हतं. १३३३ वाली मात्र म्हातारी झाली होती. लेबलावर १३३३ असलं तरी इतकी वर्षं ती १०६६ नंच चालत आली होती, त्यामुळं तिचं म्हातारपण कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. सासूबाई सावकाश एकेक वस्तू मागायच्या तेव्हा बरोबर काढून देणारी मोलकरीण, नवी सून भराभर मागायला लागल्यावर हळदीच्या जागी बेसन द्यायला लागली, तसं.

पहिला उपाय आम्ही चुकीचा केला

कॉम्प्युटर परत दुकानात नेला. दुकानदार म्हणाला, "विंडोज मारून देतो." म्हणजे सगळं पुसून नव्यानं विंडोज टाकायचं. आम्ही हो म्हणालो. पैसे गेले, एक दिवस गेला, दोन दिवसांनी निळा पडदा परत हजर. दुकानदाराचं वाईट नव्हतं मनात. दहातले आठ कॉम्प्युटर तसे बरे होतातही. पण रॅम चुकत असताना विंडोज टाकलं तर ते नवं विंडोजसुद्धा चुकतच लिहिलं जाऊ शकतं. म्हणून हे ठळक लिहून ठेवा: प्रोसेसर किंवा रॅम बदलल्यानंतर त्रास सुरू झाला असेल, तर रॅमची तपासणी झाल्याशिवाय फॉरमॅट करू देऊ नका. आणि त्याआधी सगळ्या फाईली पेनड्राइव्हवर घ्या.

तपासणी आपण स्वतः करू शकतो. त्याला पैसे लागत नाहीत, वेळ लागतो.

विंडोजमध्येच एक तपासणी दिलेली आहे. खालच्या शोधपट्टीत एम-डी-एस-सी-एच-ई-डी ही सात इंग्रजी अक्षरं लागोपाठ टाइप करून एंटर दाबा. एक चौकट येईल, त्यात आत्ता लगेच तपासायचं का असं विचारतं. चालू असलेलं काम सेव्ह करा आणि हो म्हणा. कॉम्प्युटर बंद होऊन सुरू होतो आणि निळ्या पडद्यावर तपासत बसतो. आपल्या कॉम्प्युटरला या तपासणीत काही सापडलं नाही. "रॅम ठीक आहे" असा निरोप आला आणि मी आनंदानं चहा पाजला सगळ्यांना. तो चहा वाया गेला. ही तपासणी वरवरची असते. तिला चूक सापडली तर चूक नक्की आहे, पण नाही सापडली तर रॅम चांगलीच आहे असं म्हणता येत नाही.

खोलात जाणारी तपासणी म्हणजे मेमटेस्ट ८६ प्लस. हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम आहे. तो पेनड्राइव्हवर टाकून कॉम्प्युटर त्या पेनड्राइव्हवरूनच सुरू करायचा, म्हणजे विंडोज मधे येतच नाही. तो रॅमच्या प्रत्येक खणात काहीतरी लिहितो, परत वाचतो, जुळतं का बघतो, मग दुसरं काहीतरी लिहितो. चूक सापडली की लाल रंगात ओळ येते. एक फेरी पूर्ण व्हायला तासाच्या वर लागू शकतो आणि एका फेरीवर थांबायचं नाही. आम्ही संध्याकाळी लावून ठेवला. लाईटीचं तर तुम्हाला माहीतच आहे, पहिल्या रात्री मधेच गेली आणि यूपीएसनं दम सोडला. दुसऱ्या रात्री पूर्ण चालला. सकाळी कुलूप उघडलं तर अर्धा पडदा लाल.

"किती चुका चालतात?" असं लेखापाल ताईंनी विचारलं. एकही नाही. पासबुकात दहा पैशांचा फरक चालत नाही, तसंच.

सुई बदलून बघायची का मशीन

चूक आहे हे कळलं. कुठं आहे ते अजून कळायचं होतं. इथं आपल्या शिलाईवाल्या ताईंचं डोकं कामाला आलं. मशीनवर धागा सारखा तुटत असेल तर तुम्ही काय करता? एकदम मशीन विकत नाही. आधी सुई बदलता. नाही गेलं तर तीच सुई दुसरीच्या मशीनवर लावून बघता. त्रास सुईच्या मागं गेला तर सुई वाईट, मशीनच्या मागं राहिला तर मशीन वाईट. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, दोन बदलल्या की गोंधळ.

आपल्याकडं दोन पट्ट्या आणि दोन खाचा. म्हणजे चार वेळा तपासणी: पहिली पट्टी पहिल्या खाचेत, पहिली पट्टी दुसऱ्या खाचेत, मग दुसरी पट्टी तशीच दोन्ही खाचांत. दर वेळी आत एकच पट्टी. वहीत चार ओळी आखून प्रत्येकीपुढं निकाल लिहायचा. कंटाळवाणं काम आहे, चार रात्री जातात, पण त्याला पर्याय मला तरी दिसला नाही.

पट्टी काढायची रीत सांगते, कारण इथं नुकसान होऊ शकतं. कॉम्प्युटर बंद करा, मागची वायर काढा. वायर काढल्यावर चालू करायचं बटन एकदा दाबा, म्हणजे आत उरलेली वीज जाते. कॅबिनेटच्या रंग नसलेल्या लोखंडाला हात लावा. हिवाळ्यात नायलॉनची साडी अंगाला चिकटून चटचट होते ना, त्या विजेनं रॅम मरू शकते, म्हणून हा हात लावायचा. पट्टीच्या टोकाची कळ बाहेर दाबली की पट्टी वर येते. तिला कडेनं धरा. खालच्या सोनेरी दातांना बोट लावू नका. ते दात मळके दिसले तर पोरांच्या पांढऱ्या खोडरबरानं हलक्या हातानं पुसा आणि चुरा झटकून टाका. खाचेतली धूळ कोरड्या मऊ ब्रशनं काढा, तोंडानं फुंकू नका, थुंकी उडते. परत बसवताना पट्टीची चीर खाचेच्या उंचवट्यावर बसते का बघा आणि 'टक' आवाज येईपर्यंत सरळ दाबा. बसत नसेल तर जोर लावू नका. डीडीआर-२, डीडीआर-३, डीडीआर-४ यांची चीर वेगवेगळ्या ठिकाणी असते, चुकीची पट्टी बसतच नाही.

खरं तर निम्म्या वेळा त्रास एवढ्यावरच जात असावा. प्रोसेसर बदलताना पंखा काढतात, बोर्डवर दाब पडतो, वायरी ओढल्या जातात आणि पट्टी अर्धवट उचलली जाते. म्हणून पहिलं काम, काढून साफ करून परत बसवणं. आपलं त्यानं गेलं नाही.

आपला निकाल असा आला: १६०० वाली पट्टी दोन्ही खाचांत स्वच्छ. १३३३ वाली दोन्ही खाचांत लाल. म्हणजे सुईच वाईट. मग गंमत म्हणून, म्हणजे खात्री म्हणून, बायोसमध्ये जाऊन त्या पट्टीचा वेग हातानं १०६६ केला. रात्रभर एकही चूक नाही! जुन्या प्रोसेसरखाली ती इतकी वर्षं का निभावली, ते तेव्हा कळलं.

वेग कमी करून तिलाच चालवावं असं एक मत कार्यालयात पडलं. मी नको म्हणाले. घरी सिनेमा बघायला असती तर चालवली असती. बायकांच्या कर्जाचा हिशोब असलेल्या मशीनमध्ये दमलेली पट्टी ठेवायची नाही. ती काढून आहे त्या पट्टीसारखीच १६०० ची दुसरी घेतली आणि पैसे देण्याआधी दुकानातच तपासणी लावून बसले. दुकानदार वैतागला, पण बसू दिलं.

तुमच्याकडं निकाल वेगळा आला तर

दोन्ही पट्ट्या एकाच खाचेत चुकत असतील, किंवा एका खाचेतली पट्टी दिसतच नसेल, तर संशय पट्टीवर नाही, प्रोसेसरच्या बैठकीवर घ्या. इंटेलच्या या बोर्डांवर सॉकेटमध्ये हजाराच्या वर बारीक तारा असतात. आपल्या बोर्डवर ११५५. केसापेक्षा थोड्या जाड. प्रोसेसर ठेवताना हात हलला आणि त्यातली एक वाकली, तर नेमकी एका खाचेकडं जाणारी वाट बंद पडते. कॉम्प्युटर चालतो, पण अर्धी रॅम गायब किंवा चुकीची. हे काम आपण करायचं नाही. भिंग आणि स्थिर हात असलेल्या माणसाला दाखवायचं, आणि ज्यानं प्रोसेसर बसवला त्यालाच आधी विचारायचं.

पंखाही बघा. या पंख्याला चार कोपऱ्यांत चार खुंट्या असतात. तीन बसल्या आणि एक वर राहिली की प्रोसेसर एकीकडं दाबला जातो. गरमही होतो. आपला जुना प्रोसेसर ६५ वॉटचा होता, नवा ७७ वॉटचा. आपल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत हा फरक जाणवतो. जुनी थर्मल पेस्ट पुसून नवी लावली का, हे विचारायला लाजू नका.

मग बायोस. बायोस म्हणजे बोर्डच्या आतला छोटा प्रोग्रॅम, जो कॉम्प्युटर सुरू करतो आणि कोण कुठं बसलंय ते ओळखतो. २०११ च्या बोर्डला २०१२ चा प्रोसेसर ओळखीचा नसू शकतो. त्यासाठी बायोस नवा करावा लागतो, तोही जुना प्रोसेसर बसलेला असतानाच, कारण नवा ओळखलाच नाही तर कॉम्प्युटर सुरूच होणार नाही. आणि हे काम चालू असताना लाईट गेली तर बोर्ड कायमचा बंद पडू शकतो. म्हणून ते यूपीएस असलेल्या ठिकाणीच, चांगली लाईट असलेल्या वेळी. दुकानदाराला प्रोसेसर देण्याआधी एवढा एकच प्रश्न विचारा, "बायोस चालेल का?" तो अडखळला तर दुसरं दुकान बघा.

प्रोसेसर बदलल्यावर बायोसच्या जुन्या सेटिंगाही पुसाव्या लागतात. वायर काढून बोर्डवरचा नाण्यासारखा २०३२ नंबरचा सेल काही मिनिटं काढून ठेवायचा, परत बसवायचा, सुरू करून 'डिफॉल्ट' निवडायचं. सेल इतक्या वर्षांचा असेल तर नवाच टाका. तारीख सारखी मागं जात असेल तर सेल संपलाय असंच समजा. चुकीच्या तारखेनं पावती छापली गेली तर तो वेगळाच घोळ.

२५६ चं काय?

आता त्या ताईकडं वळते. १२,००० चे १२,२५६ कसे झाले?

पट्टी खराब निघाल्यावर लेखापाल ताईंनी आणि मी सगळ्या गटांचे आकडे वहीशी पडताळले. वीस-बावीस रात्री जागलो म्हटलं तरी चालेल इतकं ते काम लांबलं. फरक त्या एकाच ठिकाणी निघाला. हातानं टाइप करताना चूक झाली तर ती ओळखू येते: शून्य जास्त पडतं, १२,००० चे २१,००० होतात, वरच्या ओळीतला आकडा खाली येतो. २५६ असं कुणी चुकून टाइप करत नाही.

थोडं सोपं करून सांगते. कॉम्प्युटरकडं एक-दोन-तीन असे आकडे नसतात, नुसते दिवे असतात, लागलेले किंवा विझलेले. पहिल्या दिव्याची किंमत १, मग २, ४, ८, १६, ३२, ६४, १२८, २५६, ५१२, अशी दुप्पट होत जाते. १२,००० लिहायचे तर ८१९२, २०४८, १०२४, ५१२, १२८, ६४ आणि ३२ हे दिवे लागतात. बेरीज करून बघा, बरोबर १२,००० येते. यात २५६ चा दिवा विझलेला आहे. खराब रॅममध्ये तो एक दिवा आपोआप लागला तर आकडा होतो १२,२५६. बाकी सगळं जसंच्या तसं, म्हणून कुणाला शंका येत नाही. हे असंच झालं याचा पुरावा माझ्याकडं नाही. पण फरक नेमका एका दिव्याएवढा आणि पट्टी नेमकी त्याच महिन्यात खराब, यापुढं मला दुसरं कारण सुचत नाही.

अशी गोष्ट जगात आधीही झालेली आहे. बेल्जियम देशात १८ मे २००३ ला निवडणूक होती. ब्रुसेल्सच्या स्खारबेक भागात एका उमेदवाराला ४०९६ मतं जास्त पडलेली दिसली. ४०९६ हीसुद्धा एका दिव्याचीच किंमत आहे, १ पासून दुप्पट करत जा, तेराव्या दिव्याला येते. मशीन तपासलं तर त्यात दोष सापडला नाही. आकाशातून येणाऱ्या सूक्ष्म किरणांनी तो दिवा लागला असावा असं म्हटलं गेलं, ते सिद्ध झालं नाही. पण चूक पकडली गेली कशी? त्या उमेदवाराला शक्य होती त्यापेक्षा जास्त मतं दिसली म्हणून. मोठ्या बँकांच्या सर्व्हरमध्ये ईसीसी नावाची महाग रॅम असते, ती एक दिवा चुकला तर स्वतःच दुरुस्त करते. आपल्याच औंढा तालुक्यात लायगोची वेधशाळा उभी राहते आहे, तिथल्या मोठ्या मशीनींनाही असली काळजी घ्यावी लागेल. आपल्या कार्यालयातल्या कॉम्प्युटरला ती सोय नाही. त्याची ईसीसी म्हणजे तुमची वही.

म्हणून त्या महिन्यापासून आपण तीन गोष्टी बदलल्या. छापील यादी गटात वाचली जाते तेव्हा प्रत्येक ताईनं आपलं पासबुक उघडून आकडा जुळवायचा, मगच सही. गटाच्या कर्जाची बेरीज लेखापाल ताई कॅल्क्युलेटरवर वेगळी करून कागदाशी ताडून बघतात. आणि फाईलची प्रत पेनड्राइव्हवर घेताना जुन्या प्रतीवर नवी टाकायची नाही. तारखेच्या नावानं वेगळी ठेवायची. हे शेवटचं फार महत्त्वाचं. आम्ही दर शनिवारी एकाच नावानं प्रत घेत होतो, त्यामुळं चुकलेली फाईल बरोबर फाईलच्या उरावर जाऊन बसली. कागदाची वही नसती तर १२,००० हा आकडा कुठंच उरला नसता.

लोकओएसवर मोबाईलमधून भरलेली माहिती आपल्या या कॉम्प्युटरमध्ये नसते, तिला या रॅमचा धक्का लागत नाही. पण एक्सेलमध्ये बघून लोकओएसवर भरणार असाल तर चूक तिथंही पोचते. वहीत बघून भरा.

हा खर्च करावा का

काही ग्रामसंघांनी मला विचारलं, आम्हीही प्रोसेसर बदलू का? माझं मत विचाराल तर आधी नाही. कॉम्प्युटर हळू उघडतो याचं कारण बहुतेक वेळा प्रोसेसर नसतो, फिरणारी जुनी हार्ड डिस्क असते. तिच्या जागी एसएसडी टाकली तर जास्त फरक पडतो आणि सॉकेटच्या तारांना हात लागत नाही. आम्ही उलट क्रमानं गेलो. शिवाय विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ साठी इंटेलचे आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसर धरले जातात. आपला आय-५ तिसऱ्या पिढीचा. म्हणजे इंटरनेटवर बँकेचे व्यवहार या मशीनवर करायचे नाहीत. हिशोब, पत्रं, छपाई एवढंच.

त्या ताईच्या गावी मी आणि लेखापाल ताई नवी यादी घेऊन गेलो. पूर्ण गटापुढं सांगितलं की वही बरोबर होती, चूक आमच्याकडची. ती म्हणाली, "मला म्हाईत व्हतं, म्या दर हप्त्याला दोनदा मोजते." मग तिनं नव्या कागदावर सही केली, आणि जुना कागद मात्र परत दिला नाही. स्वतःच्या वहीत घडी घालून ठेवला.

मेमटेस्टचा पेनड्राइव्ह कार्यालयात टेबलाच्या डाव्या खणात आहे. कुणालाही नेता येईल, नोंदवहीत तारीख आणि सही करून. खराब पट्टी लाल दोऱ्यानं बांधून कपाटात ठेवली आहे. चांगली दिसते म्हणून कुणी ती परत कुठल्या कॉम्प्युटरमध्ये लावू नका.